मानोंग हिल्दो आणि लॅटिनचं पान

मानोंग हिल्दो घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी सांगत नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. "इंदाय, मी जरा भित्रा माणूस आहे, तेवढा तो फोन तू घे," असं म्हणून ते कपाटाकडे तोंड करून उभे राहायचे, जणू फोनमधून कोणी त्यांना बघणार होतं. कुत्र्यांना घाबरायचे, वादळाच्या बातमीला घाबरायचे, प्रवासी जीपनीत चालकाच्या मागच्या जागेवर बसायला घाबरायचे. पूर्ण नाव हर्मेनेहिल्दो ताहानलांगित; मानोंग म्हणजे आमच्याकडे मोठ्या भावासारख्या माणसाला म्हणायचं. तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत गेले. तिथे लॅटिन शिकले, चांगलं शिकले. पण पहिलं प्रवचन द्यायला उभे राहिले तेव्हा तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. शेवटी कोणीतरी हाताला धरून त्यांना खाली बसवलं. घरी परतले ते कायमचे. लग्न करायचंही त्यांच्या जिवावर आलं.

मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट होते; 'इंदाय', म्हणजे पोरी, अशी ते मला हाक मारायचे. सान हेरोनिमोच्या कॉलेजात, रसायनशाळेच्या वरच्या मजल्यावर आमच्या प्रांताच्या ज्ञानकोशाचं काम चालायचं. खालून सडक्या अंड्यांचा वास यायचा. मुख्य संपादक होत्या दोक्तोरा आबायगार, इतिहासाच्या प्राध्यापक. त्यांच्या समितीत दोघं होते, कॉलेजचे फादर उरेता आणि वकील आतोर्नी होबेर. मानोंग हिल्दो उपसंपादक. म्हणजे बाकीचे वाद घालायचे आणि हे लिहायचे.

लष्करी राजवट संपून दोनेक वर्षं झाली होती. राजधानीत लोक रस्त्यावर नाचले म्हणे. आमच्या पनाय बेटावर मात्र डोंगरात बंडखोर होतेच, आणि त्यांच्याशी लढायला म्हणून गावागावात टोळ्या उभ्या राहिल्या होत्या. आमच्या गावची टोळी डोक्याला लाल फडकं बांधायची. हातात लांब कोयते, थोड्यांकडे बंदुका. त्यांचा म्होरक्या सार्हेंतो मोन्सेरात, सैन्यातून निवृत्त झालेला सार्जंट. बाजारात ही मंडळी आली की बायका आवाज खाली आणायच्या.

अशा दिवसांत आम्ही एल अक्षरावर आलो आणि 'लॅटिन' ही नोंद निघाली. दोक्तोरांना नुसता लेख नको होता.

"आपल्या लोकांच्या तोंडी लॅटिन कुठे कुठे आहे त्याची यादी हवी," त्या म्हणाल्या. "कोर्टातलं, चर्चमधलं, आणि सुरहानोंचंही." सुरहानो म्हणजे आमचे झाडपाला देणारे, मंत्र पुटपुटणारे वैद्य.

आतोर्नी होबेरनी चष्मा काढला. "यादी शब्दकोशात शोभते, दोक्तोरा. ज्ञानकोशाने गोष्ट समजावून सांगायची असते. नुसती वाक्यं एकाखाली एक लिहायची तर मग टेलिफोनची डिरेक्टरी काय वाईट?"

"आणि सुरहानोंचं ते लॅटिन तरी कुठे?" फादर म्हणाले. "आमच्या प्रार्थनांचा चावून थुंकलेला चोथा आहे तो."

"मग चोथा कोणी चावला ते लिहू," दोक्तोरा म्हणाल्या. "हिल्दो, तुम्ही गोळा करा. घालायचं की नाही ते नंतर बघू."

बैठक संपल्यावर मानोंग हिल्दो माझ्या टेबलाशी आले. चेहरा पिठासारखा. म्हणाले, "माझी आई सांगायची, ते शब्द जो कागदावर उतरवतो त्याचा हात वाळतो."

"मग मी उतरवते," मी म्हटलं.

"नको, नको. तुझं लग्न व्हायचंय."

तिया बिब्यांगकडे जाताना त्यांनी मला सोबत नेलं. ही म्हातारी आमच्या भागातली सगळ्यात जुनी सुरहाना. अंगणात बाकावर बसून पेटती बाजू तोंडात ठेवून सिगारेट ओढत होती. मानोंग हिल्दोंनी टोपी काढली, पण कुत्रं सुटं होतं म्हणून फाटकाबाहेरूनच बोलायला लागले.

"आत ये रे," ती म्हणाली. "त्या कुत्र्याला दात नाहीत. तुझी आई पण अशीच फाटकातून बोलायची."

कशासाठी आलोय ते तिने धूर गिळत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शब्द एका कानातून एका कानात जातात. चार कानांत गेले की आल्याचा चोथा होतो; कितीही उकळ, पाण्याला चव नाही. तुझ्या पुस्तकाला किती कान आहेत?"

"तिया, ते ज्ञानासाठी आहे."

"घशात माशाचा काटा अडकलेला पोरगा माझ्याकडे आणतात, तुझ्या ज्ञानाकडे नाही."

तरी तिने काटा काढायचा मंत्र सांगितला, दातदुखीचा सांगितला, रक्त थांबवायचा सांगितला. का सांगितला ते मला कळलं नाही. कदाचित शिकायला कोणी उरलं नव्हतं म्हणून. लिहिता लिहिता मानोंग मध्येच थांबून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते, वाळत तर नाहीत ना हे बघायला. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आणि गोळी न लागण्याचा?"

"तो माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे दुखण्यावरचे आहेत. लढायचे आहेत ते लढणाऱ्यांना विचार."

त्यांना विचारावं लागलं नाही. पुढच्या रविवारी ते बहिणीकडे जेवायला गेले. त्यांची ही बहीण, मानांग साल्बिंग, विधवा होती, आणि तिचा एकुलता एक मुलगा तेम्यो त्याच महिन्यात लाल फडकेवाल्यांत गेला होता. तिथे काय झालं ते मानोंगनी मला सोमवारी सांगितलं. तूर, डुक्कर आणि फणसाचं कालवण वाढलेलं होतं. तेम्योने मोठ्या ऐटीत सदरा काढला आणि आतली बंडी दाखवली. पांढऱ्या कापडावर काळ्या शाईने क्रूस, डोळा, आणि सगळीकडे लॅटिन. छातीवर, नेमकं काळजावर, मोठ्या अक्षरांत दोन शब्द: सुमुस सुम्तूरी.

"हा मुख्य मंत्र, मामा," तेम्यो म्हणाला. "सार्हेंतो म्हणतात, धावताना हा ओरडायचा. गोळी पाण्यासारखी घसरते."

"निदान एवढं तरी त्याच्या अंगावर आहे," मानांग साल्बिंग म्हणाली. "नाहीतर मला झोपच आली नसती, हिल्दो."

मानोंग हिल्दोंचा घास तोंडातच राहिला. ते शब्द त्यांनी सेमिनरीत रोज ऐकले होते, जेवणघरात, ताटापुढे उभं राहून. जेवणाआधीची प्रार्थना, तिच्यातला मधलाच एक तुकडा कोणीतरी तोडून घेतला होता. अर्थ एवढाच: आम्ही आता घेणार आहोत.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "धीर झाला नाही. बहीण माझ्याकडे बघत होती."

त्याच आठवड्यात टोळीतला एक तरुण ओढ्याकाठी गोळी लागून मेला. आता तरी यांचे डोळे उघडतील असं मला वाटलं. पण बाजारात दुसऱ्याच दिवशी कारण तयार होतं: त्याने धावताना मागे वळून बघितलं होतं. मागे वळलं की मंत्र उतरतो. झालं. मंत्र खोटा नव्हता, मेलेलाच चुकला होता.

आणि मग सार्हेंतो आमच्या कचेरीत आला. भर दुपारी, जिना चढून, बरोबर तेम्यो. मला वाटतं, कागदांबद्दल तेम्योनेच फुशारकी मारली असणार. सार्हेंतोने अदबीने टोपी काढली, कोयता म्यानासकट टेबलावर आडवा ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

"मानोंग," तो म्हणाला, "ऐकतो की या प्रांतातले सगळे मंत्र तुमच्या खणात आहेत."

मानोंग हिल्दोंच्या हातातली पेन्सिल टेबलावर टकटक वाजायला लागली. त्यांनी ती खाली ठेवली तर टेबलच हलायला लागलं.

"अर्धवट आहेत. तपासायचे आहेत."

"आमचा एक पोरगा गेला. आमच्याकडचा कुठे कमी पडतोय का ते मला बघायचंय. तुमच्यासारखा शिकलेला माणूस सगळे एकत्र मांडून सांगेल, कुठला सगळ्यात जोरकस." तो हसला. दात फार नीटनेटके होते. "शुभ शुक्रवारी आम्ही वर डोंगरात लढायला जाणार. त्या दिवशी शब्द सगळ्यात ताजे असतात. गुरुवारपर्यंत द्या."

"आणि नाही जमलं तर?" हे मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"का नाही जमणार?" तो मानोंगकडेच बघत म्हणाला. "त्यांचा भाचा पहिल्या रांगेत आहे."

ते गेल्यावर मानोंग हिल्दो खाली रसायनशाळेच्या मोरीत जाऊन ओकले. वर आल्यावर कागदांचा गठ्ठा छातीशी धरून खोलीभर फिरत राहिले. "जाळून टाकतो," म्हणत होते. "आतोर्नी बरोबर बोलले. यादीला ज्ञानकोशात जागा नाही. जाळतो आणि दोक्तोरांना सांगतो उंदरांनी खाल्ली."

"जाळल्यावर सार्हेंतोला काय सांगाल?"

ते खाली बसले. जिन्यावर जरा पाऊल वाजलं की दोघंही दचकायचो.

समितीची बैठक पवित्र आठवड्याच्या सोमवारी होती. दोक्तोरांनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. हाबेआस कॉर्पुस, बोना फीदे, ओरा प्रो नोबिस, आणि मग सुरहानोंचे. शेवटी, गोळी न लागण्याचा मंत्र म्हणून लिहिलेलं 'सुमुस सुम्तूरी' आलं तसे फादर उरेता खो खो हसायला लागले.

"हे तर आमचं जेवणाचं! हे म्हणून गोळीसमोर जातात? 'आम्ही आता घेणार आहोत'? अहो, मग घेतीलच की."

आतोर्नीही हसले. दोक्तोरांच्या ओठांना हसू आलं होतं, तेवढ्यात त्यांचं लक्ष मानोंग हिल्दोंकडे गेलं. ते उभे राहिले होते. इतक्या वर्षांत बैठकीत ते कधी उभे राहिले नव्हते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, आता परत कोणीतरी हाताला धरून बसवणार.

"माझा भाचा," शेवटी ते म्हणाले. मग परत थांबले. मग सगळं एकदम बाहेर आलं: बंडी, बहीण, सार्हेंतो, शुक्रवार. "मला ही यादी नको होती," ते म्हणाले. "छापली तर काहीतरी वाईट होईल याची भीती वाटत होती. आता नाही छापली तर होईल याची वाटते. तिया बिब्यांग म्हणते, शब्द सगळ्यांच्या कानात गेले की त्यांच्यात काही राहत नाही. त्या पोरांचाही तोच विश्वास आहे. तर मग सगळ्यांच्या कानात घालू या. अर्थासकट. शुक्रवारच्या आत."

कोणी हसत नव्हतं. फादर आपल्या बोटांकडे बघत होते.

"हिल्दो, तुमचं म्हणणं माणुसकीचं आहे," आतोर्नी होबेर म्हणाले. "पत्रक छापा, मी कागदाचे पैसे देतो. पण त्यावर ज्ञानकोशाचं नाव घालू नका. ज्ञानकोश कोणाला वाचवायला किंवा कोणाचा मंत्र उतरवायला नसतो. आज चांगल्या कामासाठी घातलंत, उद्या दुसरा कोणी कशासाठी घालेल."

"पत्रकं रोज निघतात, आतोर्नी," दोक्तोरा म्हणाल्या. "लाल फडक्याचंही निघतं, डोंगरातल्यांचंही निघतं. लोक वाचतात आणि त्यात सुके मासे बांधतात. ज्ञानकोशाचं पान म्हटलं तर थांबून वाचतील."

फादरनी दोक्तोरांच्या बाजूने हात वर केला. आतोर्नींनी विरोध नोंदवून घ्यायला सांगितला, मी नोंदवला. मला आजही वाटतं की तेही चुकत नव्हते.

छपाईच्या आधी मानोंग हिल्दो तिया बिब्यांगकडे एकटे गेले. परत आले तेव्हा पायाच्या पोटरीला कुत्र्याच्या हिरड्यांची लाळ लागलेली होती. म्हातारी रागावली नव्हती, ते म्हणाले. फक्त एवढंच बोलली: "माझ्या शब्दांचे कपडे चव्हाट्यावर उतरवू नकोस. काट्याचा तरी माझ्यापाशी राहू दे." त्यांनी तिचे सगळेच मंत्र पानावरून काढले. मी म्हटलं, यादी अपुरी राहील. "राहू दे," ते म्हणाले.

गुरुवार हा आमचा बाजाराचा दिवस. कॉलेजच्या छापखान्यातून पानं सकाळी आली, शाई अजून बोटांना लागत होती. वर ज्ञानकोशाचं नाव, खाली 'लॅटिन', आणि पुढे ओळीने वाक्यं, प्रत्येकापुढे आमच्या बोलीत अर्थ. एक पान चर्चच्या दारावर लावलं, बाकीची मी आणि दोक्तोरा वाटत होतो. पण बाजारात वाचता येणारे किती? माणसं सुक्या मासळीच्या गाळ्यापाशी घुटमळायची, कागद उलटासुलटा बघायची. तेव्हा मानोंग हिल्दो एका रिकाम्या खोक्यावर चढले.

त्यांचे पाय इतके लटपटत होते की खोकं करकरत होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज पातळ, पण येत होता. छातीवरच्या शब्दांपर्यंत आले तेव्हा पलीकडून लाल फडकी दिसली. लोक बाजूला झाले. सार्हेंतो खोक्यापाशी येऊन उभा राहिला. मानोंगनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या पँटवर पुढे ओला डाग पसरत गेला. सगळ्या बाजाराने तो पाहिला. ते तसेच वाचत राहिले. "सुमुस सुम्तूरी. अर्थ: आम्ही आता घेणार आहोत. जेवणाआधी म्हणायची प्रार्थना."

सार्हेंतोने त्यांची कॉलर धरून खाली ओढलं. "तू माझी माणसं मारलीस," तो अगदी हळू म्हणाला. "उद्या ती ओरडतील आणि तुझा हा बाजार त्यांना आठवेल."

"नका नेऊ ना मग," मानोंग हिल्दो म्हणाले.

भोवती बायका जमल्या होत्या. एकही जागची हलली नाही. सार्हेंतोने कॉलर सोडली, माणसं गोळा केली आणि निघून गेला.

मानांग साल्बिंगने त्या दुपारी बंडी खुंटीवरून काढली, अंगणात मोठ्या टपात घातली आणि मुलाच्या देखत साबण लावून चोळली. शाई सुटली, पाणी काळं झालं. तेम्यो तिच्यावर ओरडला, रडला, कोयता घेऊन निघाला. पण उघड्या छातीने जायची त्याची हिंमत झाली नाही. फाटकातून परत आला आणि आईशी कितीतरी दिवस बोलला नाही. मामाशी तर त्याहून जास्त.

शुक्रवारी टोळीतले निम्म्याहून कमी वर गेले. संध्याकाळच्या आत काही परत आले, सार्हेंतो लंगडत. थोडे आलेच नाहीत.

त्यानंतर गावात दोन पक्ष झाले. एक म्हणायचे, हिल्दोने पोरं वाचवली. दुसरे म्हणायचे, त्याने शब्दांतला जीव काढून घेतला म्हणूनच ती मेली. मानोंग हिल्दोंचा आपला कुठल्याच पक्षावर पक्का विश्वास नव्हता. कधी म्हणायचे, "अर्थ अर्थच असतो, इंदाय." कधी उजव्या हाताची बोटं उजेडात धरून बघत बसायचे. सार्हेंतो पुढे मुलीकडे दुसऱ्या बेटावर राहायला गेला, तरी त्यांनी जिन्याकडे तोंड करूनच बसायची सवय सोडली नाही. एलचा खंड बऱ्याच उशिराने निघाला. यादी त्यात होती, तशीच अपुरी. आतोर्नी होबेर समितीतून बाहेर पडले, पण खंड मात्र त्यांनी विकत घेतला.

मेलेल्यांपैकी एकाची बायको होती रोसेंदा. ती समोरून आली की मानोंग रस्ता बदलायचे, दुकानात शिरायचे, काहीच नाही तर झाडामागे उभे राहायचे. तिने त्यांना कधी एक शब्दही बोलून दाखवला नव्हता. त्याचंच त्यांना जास्त भय होतं.

खंड निघाल्यानंतर एका सकाळी ती कचेरीत आली. तिची पावलं ऐकूनच मानोंग कपाटाच्या मागे गेले होते. तिने ते पान बघायला मागितलं. वाचता येत नव्हतं म्हणून मी बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने ती ओळ परत वाचायला लावली.

"म्हणजे तो हे ओरडत गेला?" तिने विचारलं. "घेणार आहोत म्हणून?"

मी हो म्हटलं.

"काय घेणार आहोत?"

कपाटामागून हालचाल झाली. मानोंग हिल्दो बाहेर आले. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"जेवण," ते म्हणाले. "ताटावर बसण्याआधी म्हणतात ते."

रोसेंदाने त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. "त्या दिवशी उपास होता," ती म्हणाली. "न जेवताच गेला तो."

मानोंगनी मान खाली घातली. मग मला म्हणाले, "इंदाय, भात आहे का डब्यात?" होता, आणि वर थोडं गिनामोस, खारवलेल्या कोळंबीची चटणी. आम्ही तिघांनी तो तिथेच टेबलावर, कागद बाजूला सारून खाल्ला. नंतर ते तिला जीपनीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले, भिंतीच्या कडेकडेने.